दोन एक्के आणि एक सुम्

आमच्या घरात पोकर खेळताना कुणी 'चेक' म्हणत नसे. आम्ही 'सुम्' म्हणायचो. धारवाडच्या कन्नडात सुम् म्हणजे गप्प, उगाच, काही न करता. आई मला दिवसातून दहा वेळा 'सुम् बस गं' म्हणायची, आणि त्यातला अर्धा भाग कन्नड आहे हे आम्हां कुणाच्या लक्षातही येत नसे. त्यामुळे मधूकाकानं हा खेळ शिकवायला घेतला आणि 'काही न लावता पाळी पुढं द्यायची असेल तर काय म्हणायचं' असा प्रश्न आला, तेव्हा शेजारच्या इंदूअक्का चटकन म्हणाल्या, "सुम् कुंद्रायचं, गप बसायचं, आणि काय?" शब्द तिथं जो बसला तो कायमचा. त्याच बैठकीत पानं टाकून डावातून उठण्याला 'साकु', म्हणजे पुरे, आणि असतील नसतील तेवढे चिंचोके एकदम पुढं सारण्याला 'एल्ला', म्हणजे सगळं, असंही ठरून गेलं. तीन शब्दांत आख्खा खेळ. त्यातला पहिला शब्द मला सर्वांत चांगला जमायचा, आणि या प्रकरणात सांगायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढं घोटाळा नको. घर धारवाडच्या माळमड्डीतलं, मंगळुरी कौलांचं, पुढं जाळीचा व्हरांडा. अप्पा कचेरीत शिरस्तेदार होते. कुठलाही कागद आला त्याच दिवशी त्यावर सही करायची नाही, रात्रभर मुरू द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता, आणि तो त्यांनी घरीही लावलेला होता. वर्तमानपत्राचा कागद फळीवर घालायचा असला तरी ते फूटपट्टी लावून ब्लेडनं कापत. आई तोच कागद घडीवर हातानं टर्रकन फाडायची. आईचं आणि अप्पांचं एकमेकांशी किती जमायचं आणि कुठं जमायचं नाही, हे त्या दोन प्रकारच्या कडांवरून कुणालाही सांगता आलं असतं. मधूकाका अप्पांचा धाकटा भाऊ. बारा वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता, लग्न केलं नाही, परत आला तो गावाजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं कँटीन चालवायला लागला. इंदूअक्का भिंतीपलीकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या, आमच्याकडं आल्या की मराठी बोलणाऱ्या आणि चिडल्या की दोन्ही. आणि मी, वसू, बारावीची परीक्षा देऊन बसलेली.

बसलेली हा शब्द अगदी नेमका आहे. आमच्या फाटकाला दोन किरकिरी होत्या, एक उघडताना आणि एक लावताना, आणि मधल्या वेळावरून कोण आलं-गेलं ते अप्पांना आतल्या खोलीत कळायचं. काकानं एकदा तेलाची बाटली आणली तर अप्पा म्हणाले, "राहू दे, तेल घालू नकोस. कळतं." काय कळतं ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. मला तेव्हापासून याद्या करायची सवय आहे. दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर माझी एक यादी होती: बाहेर जाण्याची कारणं. गिरणी. वाचनालय, बुधवारी. सुभाष रोडवर दोरा-बटणं, पण बरोबर इंदूअक्का हव्यात. देऊळ, आईबरोबर. टायपिंगचा क्लास, बंद झाला. ही यादी सात ओळींच्या पुढं कधी गेली नाही. बी.एस्सी.चं कॉलेज घरापासून सात मिनिटांवर होतं आणि मी तिथं जायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलं असावं, कारण ते कधी ठरलं हे कुणालाच आठवत नव्हतं. अप्पा पाहुण्यांना मोठ्या समाधानानं सांगत, "सात मिनिटं. घड्याळ लावून बघा की." कुणी रागावत नव्हतं, कुणी मारत नव्हतं, जेवायला रोज गरम मिळत होतं. एखादा जरी वाईट वागला असता तरी मला बरं पडलं असतं. चांगल्या माणसांच्या घरात कोंडलं गेलं की दार कुठं आहे ते दाखवता येत नाही.

रविवार मात्र वेगळा असायचा. उन्हाळ्यात आई चिंच फोडायला घ्यायची, बत्त्याचा ठकठक आवाज सकाळभर चालायचा, आणि सुटलेले चिंचोके धुऊन, वाळवून एका ॲल्युमिनियमच्या डब्यात जायचे. तीच आमची खेळायची नाणी. दुपारी जोंधळ्याची भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, कारळ्याची चटणी आणि ताक असं जेवण झालं की आई पितळी ताट पुसून सतरंजीच्या मध्यावर ठेवायची. प्रत्येकाला पन्नास चिंचोके. पानं वाटायच्या आधी प्रत्येकानं दोन चिंचोके ताटात टाकायचे. मग प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आपली आपण बघायची. मग मध्ये सगळ्यांची मिळून आधी तीन पानं उघडी, नंतर एक, नंतर आणखी एक. आणि आधी हातातली पानं बघून, मग दर उघडण्याला, आपापल्या पाळीनं सुम् म्हणायचं, लावायचं, किंवा साकु. शेवटी ज्याची पानं भारी त्याचं ताट. चिंचोके संपले तो उठला. शेवटी एकटा उरेल तो जिंकला. काका म्हणायचा की जहाजावर हा खेळ खेळताना लोक एकमेकांचा गळा धरत. आमच्याकडं इंदूअक्का फार तर काकाच्या हातावर चापट मारत.

अप्पा जवळजवळ दर वेळी जिंकत. त्यांच्याकडं पानं चांगली यायची असं नाही. ते सुरुवातीला खेळतच नसत म्हटलं तरी चालेल. काकाला ते बघवायचं नाही. एकदा डाव उलटल्यावर अप्पांच्या हातात राजांची जोडी निघाली आणि त्यांनी जिंकले होते फक्त चौदा चिंचोके.

"दोन राजे!" काका ओरडला. "दोन राजे घेऊन बसलास आणि चार चिंचोके लावलेस? अरे, मी असतो तर ताट डोक्यावर घेतलं असतं."

"म्हणून तू अर्ध्या तासात उठतोस आणि भजी तळायला जातोस," अप्पा म्हणाले.

"भजी खाताना बरं वाटतं ना पण?"

"भजीबद्दल तक्रार नाही." अप्पा माझ्याकडं वळले. शिकवायची वेळ आली की ते माझ्याकडं वळत. "वसू, बघ. पहिल्या तासात कुणी जिंकत नाही. पहिल्या तासात फक्त हरतात. सगळ्यांच्या पुढं ढीग असतो, सगळ्यांना सुरसुरी असते. अशा वेळी मोठी पानं आली तर हुरळायचं नाही. थोडं लावायचं. कोण हलतंय ते बघायचं. तिघं हलले तर आपण उठायचं, राजे असले तरी. एका जोडीवर सगळा ढीग घालवायचा नाही. ढीग असला तर पुढचा डाव आहे."

मी ते वहीत उतरवून घेतलं. ती वही आजही माझ्याकडं आहे. त्यात मी लिहिलंय: 'मोठी पानं आली तर हुरळायचं नाही. जपून. ढीग राखायचा.' मधलं वाक्य, थोडं लावायचं आणि कोण हलतंय ते बघायचं, हे मी लिहिलेलंच नाही. मी यादी करताना सहसा काही गाळत नाही. आज माझ्या मेसमध्ये साठ मुली जेवतात आणि भांडारात कुठल्या डब्यात काय किती आहे ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. ते एक वाक्य तेवढं गळलं.

आता पत्राचं. काका रविवारी आमच्याकडं स्वयंपाकघरात घुसायचा आणि मी त्याच्या हाताखाली असायचे. दोनशे माणसांचं सांबार करताना मीठ कसं मोजायचं, भाज्या आणायच्या आधी ताटं किती लागणार ते कसं काढायचं, हे तो बोलत असायचा आणि मला ते गणित गाण्यासारखं वाटायचं. बेंगळूरला हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज आहे, तीन वर्षं, मुलींचं वसतिगृह आहे, हे त्यानंच सांगितलं. फॉर्म त्यानंच आणला. पत्ता कँटीनचा घातला. प्रवेश परीक्षा हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत होती. माझ्या यादीत हुबळीला जाण्याचं एकही कारण नव्हतं, म्हणून दाढ दुखते असं ठरवलं. काका मला दाताच्या डॉक्टरकडं म्हणून घेऊन गेला. परत आल्यावर आईनं मला चार दिवस मऊ भात घातला आणि चौथ्या दिवशी माझ्या गालावर हात ठेवून विचारलं, "आता कमी आहे ना गं?" तेव्हा मला खरंच काहीतरी दुखलं.

मे संपता संपता पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. शुक्रवारच्या आत हजर व्हायचं होतं आणि खाली एका रेघेवर पालकाची सही हवी होती. काकानं ते मला शनिवारी गिरणीच्या वाटेवर दिलं.

"आज सांग," तो म्हणाला. "आजच्या आज. गरम आहे तोवर."

"आज नको. अप्पांचं बघून सांगते."

"काय बघून? पंचांग?"

"काका, ते एकदा नाही म्हणाले की संपलं. त्यांचं नाही फाइलवर चढतं."

"आणि तू काही म्हणालीच नाहीस तर कशावर चढतं?" तो सायकलवर टांग टाकून गेला.

अप्पा काय म्हणणार ते मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. काका कँटीनमध्ये लागला तेव्हा ते एकदाच बोलले होते, आवाज न चढवता: "आपल्या घरात कुणी दुसऱ्यांची ताटं उचलली नाहीत." मी अर्ध्या वाटेवरून घरी परतले आणि पत्र भांडारघराच्या तिसऱ्या फळीवर, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, शेंगदाण्यांच्या डब्यामागं ठेवलं. ती फळी माझी होती. तिथल्या डब्यांची यादी मी करायची. ठेवून मी दळणाचा डबा पुन्हा उचलला आणि फाटकाची पहिली किरकिर ओढत बाहेर पडले. मागं आईचा आवाज आला, "अहो, भांडारात मुंग्या झाल्यात बघा." मी थांबले नाही. मुंग्या दर उन्हाळ्यात होत.

माझ्याकडं एक बेत होता. सुटीतल्या शेवटच्या रविवारी मोठा डाव असायचा आणि तो जिंकणाऱ्याला एक मागणं मिळायचं. एकच गोष्ट मागायची, घरात करण्यासारखी, आणि तिला कुणी नाही म्हणायचं नाही. ही काकाची जहाजावरची पद्धत. काकानं एकदा जिंकून जेवताना रेडिओच्या बातम्या आठवडाभर बंद करून घेतल्या होत्या. इंदूअक्कांनी आईच्या लिंबाच्या लोणच्याची आख्खी बरणी उचलून नेली होती. अप्पा दर वेळी शेंगांची होळिगेच, म्हणजे शेंगदाण्यांची पोळीच, मागत. आई कधी जिंकली नव्हती, ती निम्मा वेळ चुलीकडंच असायची. मी ठरवलं, उद्याचा मोठा डाव मी जिंकणार, आणि सगळ्यांच्या देखत, नियमाप्रमाणं, सही मागणार. वाक्यसुद्धा वहीत चार प्रकारे लिहून बघितलं होतं. चौथा प्रकार सर्वांत लहान होता: अप्पा, इथं सही करा.

मोठ्या डावाच्या दिवशी आमटी अजून चुलीवर होती, कारण काका लवकर आला आणि त्याला दम नव्हता. जेवण मागाहून, आधी डाव, असं ठरलं. पहिले तीन डाव किरकोळ गेले. चौथ्यात आईनं पानं वाटली आणि मी माझ्या पानांचे कोपरे उचलून बघितले. इस्पिक एक्का. बदाम एक्का. या खेळात हातात याहून मोठं काही येतच नाही. माझ्या कानात बत्त्यासारखं ठकठक व्हायला लागलं. पहिली पाळी माझी होती. मला वाटलं, हुरळायचं नाही. जपून. ढीग राखायचा.

"सुम्," मी म्हणाले.

काका सुम्. अप्पा सुम्. इंदूअक्का माझ्याकडं बघून, "याक गं, का गं, आज फारच सुम्?" आणि सुम्. आई आमटीकडं कान देऊन बसली होती. तिनं पानं बघितली, आमच्याकडं बघितलं, कुणीच काही लावलेलं नाही असं बघून म्हणाली, "मग मीपण सुम्."

मध्ये तीन पानं उघडली: चौकट राजा, किलवर सत्ती, बदाम सत्ती. मी पुन्हा सुम् म्हणाले. मला वाटलं की मी किती शहाणी. एक्के पोटाशी धरून बसले आहे आणि कुणाला वाससुद्धा नाही. काका सुम्, अप्पा सुम्, इंदूअक्का सुम्. आईनं पाच चिंचोके मोजून ताटात टाकले.

"अय्य! आईसाहेबांना काय झालं?" काका म्हणाला, आणि मग पाळी नीट फिरू दिली. मी पाच टाकले. आईकडं राजा असेल, मला वाटलं. राजाला माझा एक्का भारी. काका साकु. अप्पांनी आईच्या चेहऱ्याकडं बघितलं, ते तीस वर्षं तो चेहरा वाचत होते, आणि पानं पालथी टाकली. "साकु." इंदूअक्काही साकु.

चौथं पान दश्शी. आणि इथं माझ्या अंगात आलं. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं, दाढ, मऊ भात, सात मिनिटं, फळीवरचं पत्र. मी दोन्ही हातांनी ढीग पुढं सारला. "एल्ला!"

आमटी उकळत असल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "एल्ला म्हणजे सगळे ना? बरं. माझेपण घ्या," आणि तिची पानं उलटी केली. इस्पिक सत्ती आणि एक दुर्री. तिच्या तीन सत्त्या झाल्या होत्या. माझ्या दोनच जोड्या, एक्क्यांची आणि मधल्या सत्त्यांची, आणि तीन सारखी पानं दोन जोड्यांना भारी. पाचवं पान चव्वी निघालं आणि मला काही उपयोगाचं नव्हतं. आईपुढं माझ्यापेक्षा चार चिंचोके जास्त होते. मी संपले. डाव सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती.

"सत्ती-दुर्री!" काका डोक्याला हात लावून म्हणाला. "वहिनी, सत्ती-दुर्री घेऊन कुणी बसतं का? या खेळातली सगळ्यात भिकार पानं ती!"

आई खरंच गोंधळली. "अहो, मी कुठं बसले? मी उठणारच होते. पण कुणी काही बोललंच नाही, मग मी राहिले. वसू, तू सुरुवातीला दोन जरी चिंचोके टाकले असतेस ना, तर मी साकु म्हणून आमटी बघायला गेले असते."

सगळे हसले. मीही हसले. ती मला शिकवत नव्हती, तिला आमटीची काळजी होती. पण आजवर मला कुणी इतकं खरं सांगितलेलं नाही.

हरलेल्यानं खायचं करायचं हा नियम होता. मी चुरमुरे परतले, कांदा-टोमॅटो-चिंचेच्या गोज्जूत कालवून गिरमिट केलं, मिरच्या तळल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून डाव बघत राहिले. काका भजी नसल्यामुळं उदास होऊन उठला. इंदूअक्का उठल्या. आई आणि अप्पा उरले, आणि मग अप्पांनी आईचे चिंचोके एकेक, दोनदोन करून, न दुखावता सगळे काढून घेतले.

"चला, होळिगे," इंदूअक्का पदर झटकत म्हणाल्या. "मी गूळ आणते की."

"होळिगे नको या वेळी," अप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "वसूनं उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं आणि इथल्या कॉलेजचा फॉर्म भरायचा. एवढंच मागणं."

मागण्याला कुणी नाही म्हणायचं नाही. काका सतरंजीवरून अर्धवट उठला. मी त्याच्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच त्याला खाली बसवलं. अप्पांनी चष्मा घातला आणि मला विचारलं, अगदी हळू, जसं ते कधी विचारत नसत: "तुला काही म्हणायचंय?"

गिरमिटाची परात माझ्या हातात होती. फळी माझ्या पाठीमागं सहा पावलांवर होती. चौथ्या प्रकारचं वाक्य चार शब्दांचं होतं. आणि मला वाटलं, आत्ता नको, आत्ता सगळ्यांच्या देखत नियम त्यांच्या बाजूचा आहे. रात्री सांगेन, उद्या वाटेत सांगेन, शुक्रवार अजून लांब आहे. ढीग राखायचा.

"सुम्," मी म्हणाले.

इंदूअक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "ही पोर, ही हुडगी, पक्की धारवाडची!" अप्पाही थोडं हसले. पण ते माझ्याकडं आणखी क्षणभर बघत राहिले, आणि मग त्यांनी चिंचोके डब्यात भरायला घेतले.

सोमवारी आम्ही चालत गेलो. अप्पांनी घड्याळ बघितलं. "सात मिनिटं," ते म्हणाले. "बघ." फॉर्मवर त्यांनी त्याच दिवशी, तिथल्या तिथं, मुरू न देता सही केली. मी मंगळवारी बोलले नाही. बुधवारी वाचनालयात गेले. गुरुवारी काका बेलूरहून मुद्दाम आला, व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. "जपून खेळ म्हणजे गप्प बस नव्हे गं पोरी," तो म्हणाला. त्यानंतर या विषयावर तो आयुष्यात बोलला नाही. मग शुक्रवार गेला.

शनिवारी मी पत्र फाडून टाकायला भांडारात गेले. शेंगदाण्यांचा डबा बाजूला केला, कागद उचलला. पत्र होतं तिथंच होतं, होतं तसंच होतं, पाकिटाची तोंडाची बाजू भिंतीकडं. पण कागद नवा होता. मी ठेवलं तेव्हा फळीवर पिवळा पडलेला कागद होता. हा पांढरा होता, आणि त्यावर मोठ्या डावाच्या आदल्या दिवसाची, शनिवारची तारीख होती. कुणीतरी मुंग्यांसाठी सगळी फळी रिकामी केली होती, जुना कागद काढला होता, फळी पुसली होती, नवा कागद अंथरला होता आणि पत्र पुन्हा त्याच्या जागी त्याच बाजूनं ठेवलं होतं. मी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ होती. फूटपट्टी लावून ब्लेडनं कापलेली.

म्हणजे रविवारी ताटाशी बसताना अप्पांना माझ्या हातात काय आहे ते माहीत होतं. त्यांनी होळिगे सोडून ते मागणं मागितलं ते माहीत असून, आणि 'तुला काही म्हणायचंय' हेही माहीत असूनच विचारलं. थोडं लावायचं, कोण हलतंय ते बघायचं. मी हलले नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी लावून बघितलं आहे. कधी वाटतं, ते दार उघडत होते, मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी सही केली असती. कधी वाटतं, सगळे चिंचोके त्यांच्यापुढं होते आणि मला बोलायची छाती आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं. दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी मी बी.एस्सी. झाले, सात मिनिटांवर नोकरी केली, आणि पुढं याच गावात मुलींच्या वसतिगृहाचं जेवण करायला घेतलं, म्हणजे अखेर दुसऱ्यांची ताटं उचललीच. मेस सुरू झाली त्या दिवशी अप्पा पहिल्या पंगतीला बसले आणि दोनदा सांबार घेतलं.

आई गेली, काका गेला, इंदूअक्का हुबळीला मुलाकडं असतात. फाटक अजून किरकिरतं. आता तेल घालायचं माझ्या हातात आहे आणि मी घालत नाही. अप्पांना ऐकू कमी येतं, पण पानं स्वच्छ दिसतात. दुपारची ताटं आटोपली की आम्ही दोघं व्हरांड्यात बसतो, तोच डबा, तेच चिंचोके, काही फुटलेले. गेल्या आठवड्यात मी पानं वाटली. माझ्या हातात काय होतं ते आता आठवत नाही, काही विशेष नसणार. पाळी त्यांची होती.

"अप्पा," मी जरा मोठ्यानं म्हणाले, "भांडारातल्या फळीचा कागद तेव्हा तुम्ही बदलला होता?"

कुठला कागद, कधी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पानांचे कोपरे उचलून बघितले, जणू उत्तर तिथं लिहिलेलं असावं.

"सुम्," ते म्हणाले.

डाव चालू होता आणि पाळी त्यांची होती, त्यामुळं ते खेळातलंच असू शकेल. मी दोन चिंचोके उचलले आणि ताटात टाकले. ते पितळेवर वाजले, त्यांनाही ऐकू गेले असावेत.

"बदलला होता की नव्हता?" मी पुन्हा विचारलं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, त्या रविवारी बघितलं होतं तितकाच वेळ. मग त्यांनी आपली दोन्ही पानं पालथी करून ताटाशेजारी ठेवली आणि बोटानं सरळ केली, कडेला कड लावून.

"साकु," ते म्हणाले.

साकु म्हणून ठेवलेली पानं उलटून बघायची नाहीत, हा आमच्या घरातला खेळाचा पहिला नियम. ती माझ्या हाताशी होती. मी ती न बघता उचलली, कॅटमध्ये घातली आणि पिसायला घेतली.